रेंज गेल्यावर

कोकणातल्या घरात रेंजच्या जागा ठरलेल्या असतात. आमच्या राजापूर तालुक्यातल्या घरात ओटीवर एका कंपनीच्या दीड-दोन काड्या मिळतात, मागीलदारी दुसरीच्या, माजघरात कोणाच्याच नाहीत. खळ्यात तुळशीच्या पलीकडे गडग्याला टेकून उभं राहिलं तर दोन्हींच्या. गडग्यावरचा तिथला चिरा बसून बसून गुळगुळीत झालाय. वाडीत कोण कुठे उभं आहे यावरून त्याचं काय चाललंय हेही सांगता येतं. पाखाडीच्या वरच्या वळणावर असेल तर मुंबईहून व्हिडिओ कॉल आलाय. विहिरीपाशी असेल तर साधा फोन. आणि कोणी भर दुपारी छत्री घेऊन सड्याकडे निघालं असेल तर कसल्यातरी ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख आहे असं खुशाल समजावं. सडा म्हणजे जांभ्याचं उघडंबोडकं पठार. झाड नाही, आडोसा नाही, त्यामुळे दोन-तीन गावांचे टॉवर तिथे एकदम मिळतात. लॉकडाऊनच्या वर्षी शाळा-कॉलेजची मुलं तिथेच बसायची. पाऊस लागल्यावर कोणी ताडपत्री बांधली, कोणी खोपटं घातलं.

मुंबई सोडून आम्ही दोघं इथे राहायला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. मी मुद्रितशोधनाची कामं घेते. प्रकाशकाची पीडीएफ उतरवायची, तपासायची, परत पाठवायची. म्हणजे माझी भाकरी नेटवरून येते, आणि म्हणून या विषयावरची माझी मतं जरा ठाम आहेत.

रेंज लहरी आहे असं सगळे म्हणतात. ती लहरी नाही. तिला कारणं असतात, ती आपल्याला दिसत नाहीत इतकंच. आमच्या घरावर मंगलोरी कौलं होती. वानरं उड्या मारून दर वर्षी फोडायची, म्हणून ती उतरवून पत्रे घातले. वानरांचा ताप गेला आणि त्याबरोबर माजघरातली रेंजही गेली. रेडिओलहरी कौलातून बऱ्यापैकी आत शिरतात, पत्र्यावर आपटून मात्र परत फिरतात. त्यात वारंवारिता जितकी जास्त तितकी भिंत ओलांडायची ताकद कमी. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्ह-जी सुरू झालं, आता आमच्या नाक्यावरही ते दाखवतं, पण चिऱ्याच्या जाड भिंतीआड आलं की ते निमूटपणे फोर-जी होतं आणि कधी कधी त्याहूनही खाली उतरतं.

पावसाचं नाव तर उगाच बदनाम आहे. नेट घालवण्यात त्याचा स्वतःचा वाटा थोडा. आधी वीज जाते, मग टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली की जनित्रावर, आणि अर्जुना नदीला पूर आला की डिझेल घेऊन येणारा माणूस पलीकडच्या तीरावर अडकतो. राहिलेलं काम जेसीबी करतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. रस्त्याच्या कडेला पुरलेली फायबरची केबल खोदताना एकदा तुटली की गावंच्या गावं एका दमात गप्प होतात. अशा वेळी फोनवर काड्या मात्र पूर्ण असतात, कारण टॉवर जागचा हललेला नसतो. त्याच्या पाठीमागची वाट तेवढी बंद झालेली असते.

गणपतीत तर हा प्रकार पाहण्यासारखा असतो. एरवी वाडीत म्हातारी माणसं आणि आमच्यासारखे चार-दोन. गणेशचतुर्थीला चाकरमानी आले की घराघरात पंधरा-वीस माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. टॉवर तोच, त्याची कुवत तीच. आरती सुरू झाली की सगळे एकदम व्हिडिओ लावतात आणि सगळ्यांच्याच फोनवर ते चाक गोल गोल फिरत बसतं. ‘काड्या तर फुल्ल आहेत, मग नेट का नाही?’ हा प्रश्न दर वर्षी निदान एक तरी पुतण्या विचारतो.

मुळात काड्यांवर फार विसंबू नये. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना बांधील असा एक नियमच नाही, ज्याचं त्यानं ठरवायचं. २०१० मध्ये आयफोन ४ वर तक्रारींचा पाऊस पडला तेव्हा अ‍ॅपलनं स्वतःच जाहीर केलं, की काड्या मोजायचं आमचं सूत्र चुकलेलं होतं आणि फोन असायला हव्यात त्याहून जास्त काड्या दाखवत होता. खरा आकडा हवा असेल तर सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सापडतो. तो उणे असतो. उणे ८५ म्हणजे छान, उणे ११५ म्हणजे चपला घाला आणि सड्यावर निघा.

इथे राहून माझी एक सवय झाली आहे. नवीन अ‍ॅप घेतलं की ते काय काय करतं हे मी बघत नाही. रेंज गेल्यावर ते कसं वागतं हे आधी बघते. रेंज असताना सगळीच अ‍ॅपं गोड बोलतात. फोन विमानात लावतात त्या मोडवर टाकायचा आणि अ‍ॅप उघडायचं. काही पांढरी पाटी दाखवून बसतात. काही तर ‘पुन्हा लॉग-इन करा’ म्हणून तुम्हाला घराबाहेर काढतात आणि आता आत यायला नेट लागेल असं सांगतात. आणि थोडी अशी असतात, की हातातलं काम करत राहतात, जे पाठवायचंय ते बाजूला ठेवतात आणि नेट आल्यावर न बोलता पाठवून देतात. या तिसऱ्या जातीची अ‍ॅपं बनवणाऱ्यानं कधीतरी गर्दीच्या डब्यात, घाटात किंवा शेतात उभं राहून स्वतःचा फोन वापरलेला असतो अशी माझी खात्री आहे.

मुंबईत असताना एम-इंडिकेटर हे माझं पहिलं असं अ‍ॅप. सचिन टेके यांनी ते २०१० मध्ये आणलं, तेव्हा फोनवर नेट घेणं ही चैन होती. लोकलचं सगळं वेळापत्रक त्यांनी फोनमध्येच भरून दिलं. दादरच्या पुलावर चेंगराचेंगरीत उभं राहून पुढची कल्याण कुठल्या फलाटावर हे बघायला नेटची वाट बघावी लागत नव्हती. रिक्षाचं भाडंही त्यातच. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नेट पाण्यासारखं वाहायला लागलं. त्याआधी एक जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजायचे आणि ते महिनाभर पुरवायचे. त्यानंतर जी अ‍ॅपं निघाली त्यांतल्या बऱ्याच जणांनी नेट कायमचंच असणार असं धरून चालायला सुरुवात केली. स्वस्ताईनं अ‍ॅपांना आळशी केलं, हे माझं मत मी अनेकांशी वाद घालून पक्कं केलेलं आहे.

रेल्वेचं तिकिटाचं यूटीएस हे अ‍ॅप मात्र वेगळ्याच कारणासाठी आठवतं. फलाटावर टीसी दिसला की पटकन मोबाइलवर तिकीट काढायचं, असं कोणी करू नये म्हणून स्टेशनच्या आवारात साधं तिकीट निघत नसे. तुम्ही रुळांपासून किती लांब आहात हे ते जीपीएसवर ताडायचं. त्यामुळे स्टेशनच्या दारात माणसं फोन पुढे धरून उलट पावली रस्त्याकडे चालताना दिसायची. पुढे आवारात लावलेला क्यूआर स्कॅन करायची सोय झाली, आणि आता २०२५ पासून रेलवन हे अ‍ॅप आलंय.

पण माझं सगळ्यात आवडतं अ‍ॅप म्हणजे ‘व्हेअर इज माय ट्रेन’. बेंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जनं ते बनवलं आणि २०१८ मध्ये गूगलनं ती कंपनीच विकत घेतली. त्यातली युक्ती साधी आणि फार हुशारीची आहे. आपला फोन सतत कुठल्या ना कुठल्या टॉवरला धरून असतो, आणि प्रत्येक टॉवरला स्वतःचा क्रमांक असतो. रेल्वेच्या मार्गावर कुठे कुठला टॉवर लागतो याची यादी अ‍ॅपनं आधीच फोनमध्ये ठेवलेली असते. फोननं टॉवर बदलला की गाडी कुठे आली हे त्याला उमगतं. नेट नको, जीपीएस नको. स्लीपरच्या मधल्या बर्थवर, जिथे खिडकीही दिसत नाही, तिथे पडल्या पडल्या पहाटे चारला ‘चिपळूण गेलं’ हे कळणं म्हणजे काय हे कोकणकन्येनं प्रवास करणाऱ्यालाच विचारा. पूर्वी दोन वेळा उठून दारापाशी जाऊन स्टेशनची पाटी शोधावी लागे, नाहीतर समोरच्या काकांना ‘उतरताना उठवा हं’ म्हणून सांगून ठेवावं लागे, आणि ते काका कणकवलीचे असले तर आपली झोप उडालेलीच.

कोकण रेल्वे या युक्तीची परीक्षाही घेते. रोह्यापासून मंगळुरूच्या अलीकडच्या ठोकूरपर्यंत नव्वदहून जास्त बोगदे आहेत. त्यातला सगळ्यात लांब करबुड्याचा, रत्नागिरीच्या अलीकडे, साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरली की टॉवर सुटतो आणि अ‍ॅपमधली गाडी जागच्या जागी उभी राहते. पाच-सहा मिनिटं काळोख, चाकांचा दणदणाट, आणि बाहेर पडताच गाडी नकाशावर एकदम उडी मारते. माझी भाची एकदा घाबरून म्हणाली, ‘मावशी, गाडी हरवली.’ राजापूर रोडला आमचा रिक्षावाला मात्र याच अ‍ॅपवर संसार चालवतो. घरी बसलेल्या माणसाला गाडीचा ठावठिकाणा बघायला नेट लागतंच, पण त्याच्या घरी ते आहे. गाडीनं आडवली सोडली की तो चहाचा कप खाली ठेवतो, विलवडे सोडली की रिक्षा बाहेर काढतो. स्टेशनवर तासभर डास मारत बसायचं त्याचं काम या अ‍ॅपनं वाचवलं.

नेट नसलं की जीपीएसही बंद पडतं अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. उपग्रह आकाशातून बोलत असतात, फोन नुसता ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की आपण कुठे आहोत हे त्याला काढता येतं. नेट लागतं ते खालचा नकाशा आणायला. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर रानातही वाट सापडते.

धाकट्या भावजींची ई-पीक पाहणी मी दर पावसाळ्यात बघते. पूर्वी तलाठी येऊन सातबाऱ्यावर पिकं लिहायचा. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून ती नोंद करायची असं ठरलं. शेतात जाऊन पिकाचा फोटो काढायचा, त्याबरोबर अक्षांश-रेखांश जातात. आमची खाचरं खाली पऱ्याच्या काठाला. रेंज औषधालाही नाही. वरून श्रावणातली सर. भावजींनी फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलेला, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, गुडघ्यापर्यंत चिखल. पावसाच्या थेंबाला स्क्रीन बोट समजते, त्यामुळे यादी आपोआप खालीवर पळायला लागते. भाताच्या जागी तिनं दोनदा भलतंच पीक निवडलं. भावजी फोनला म्हणाले, ‘वाईच दम धर की रे!’ शेवटी मी छत्री धरली, त्यांनी कोरड्या टॉवेलनं काच पुसली, क्षेत्र भरलं, फोटो काढला, आणि माहिती फोनमध्ये जपून ठेवली. मग चहाला घरी. संध्याकाळी गडग्यापाशी फोन ठेवला, तिथून ती वर गेली. शेत आणि रेंज एका जागी असणार नाहीत हे कोणीतरी आधी ओळखलं म्हणून हे झालं. नाहीतर भावजींना भाताचं रोप उपटून सड्यावर न्यावं लागलं असतं.

पैशांचं कोडं त्याहून गमतीचं आहे. नाक्यावरच्या दुकानात क्यूआरचा कागद लावलाय. कागदाला वीज लागत नाही, रेंज लागत नाही. सगळी जबाबदारी गिऱ्हाईकाच्या फोनवर. माझ्या कंपनीची रेंज तिथे येत नाही. दुकानदार म्हणतो, ‘वहिनी, माझं हॉटस्पॉट लावा.’ म्हणजे मी त्याच्याच नेटवरून त्यालाच पैसे पाठवते. त्याच्या बोलणाऱ्या डब्यात तिसऱ्याच कंपनीचं सिम असतं, त्यामुळे पैसे गेले तरी डबा गप्प राहतो, आणि आधीच्या गिऱ्हाईकाचे साठ रुपये आल्याची घोषणा आपण नारळ पिशवीत टाकत असताना होते. अशा वेळी तो वही काढतो. उधारीची ती वही दुकानात अजून आहे आणि ती कधी डाऊन झालेली नाही.

पैसे खात्यातून गेले आणि पलीकडे पोचले नाहीत, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नयेत. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे: माणसाकडून माणसाला पाठवलेले पैसे अडकले तर ते पुढच्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत, आणि त्याहून उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. हा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि कोणी तो आपणहून सांगत नाही. तसंच तारा-नव्याण्णव-हॅशचं. *९९# हा क्रमांक फिरवला की साध्या बटणाच्या फोनवरूनही, नेटशिवाय, पैसे पाठवता येतात. मात्र तो उत्तराची फार वाट बघत नाही. चष्मा शोधेपर्यंत सत्र संपतं.

आता घरी फायबरचं वायफाय आलंय. त्यामुळे नवीनच गंमत झाली आहे. माजघरात पिक्चर विनाअडथळा दिसतो, लॅपटॉपवर चारशे पानांची पीडीएफ भराभर उतरते, पण ओटीपी येत नाही. ओटीपी एसएमएसनं येतो आणि एसएमएसला मोबाइलची रेंज लागते, वायफायशी त्याचं देणंघेणं नाही. एका बँकेचं अ‍ॅप तीस सेकंद मोजत बसतं. मी फोन घेऊन माजघरातून ओटीवर, ओटीवरून खळ्यात पळते. सासूबाई दर वेळी विचारतात, ‘कोण आलं गं?’ ओटीपी आला म्हणून सांगितलं तर म्हणतात, ‘बसायला सांग.’ तो येतो तेव्हा मुदत टळलेली असते. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं तर बऱ्याच फोनांत फोन आणि एसएमएस दोन्ही वायफायवरून येतात. ही एवढी कळ मला कुठल्या कंपनीनं दाखवली नाही, मुंबईहून आलेल्या दहावीतल्या पुतण्यानं दाखवली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. वादळात येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप माझ्या फोनमध्ये आहे. आपल्यापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडायची शक्यता दिसली की ते सावध करतं. भातकापणीच्या दिवसांत, दुपारनंतर काळोखी भरून येते तेव्हा ते उपयोगी पडतं, शेतातल्या माणसांना हाक मारून वर बोलावता येतं. पण इशारा यायला नेट लागतं, आणि गडगडाट सुरू झाला की पहिल्यांदा लाइट जाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडातल्या गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती, मोबाइल मुके होते, आणि मुंबईतल्या मुलांना आईवडिलांच्या घरावर छप्पर राहिलंय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्या दिवसांत ज्याच्याकडे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता त्याला जगाची खबर होती. पुष्कळ स्मार्टफोनांत एफएम रेडिओ ऐकायची सोय आतल्या चिपमध्ये असते. वायरचा हेडफोन लावला की ती वायरच अँटेना होते, नेट लागत नाही. तरी कंपन्या ती सोय बंद करून फोन विकत आल्या. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ती चालू ठेवा असं कंपन्यांना कळवलं. नवा फोन घेताना दुकानदार कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे सांगतो. रेडिओ आहे का, हे आपण विचारावं.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. बाजारात आणायच्या आधी ते घेऊन पावसाळ्यात आठ दिवस आमच्याकडे येऊन राहा. जेवणाखाण्याची सोय आम्ही करू. आणि गणपतीला येणाऱ्यांनो, निघायच्या आधी घरच्या वायफायवर रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा नकाशा उतरवून घ्या, आरक्षणाच्या तिकिटाची पीडीएफ फोनमध्ये ठेवा, आरत्यांचं छापील पुस्तक पिशवीत टाका आणि दहा-वीसच्या नोटा जवळ असू द्या. नाक्यावरच्या दुकानदाराकडेही सुटे नसतात.